नेपोलियन आणि मराठी सत्ता

फ्रान्सचा प्रख्यात सेनानी व सम्राट पहिला नेपोलियन (१५ ऑगस्ट १७६९–५ मे १८२१) आणि मराठी राज्य यांचा प्रत्यक्ष संबंध कधी आला नाही. नेपोलियन हिंदुस्थानात आला नाही आणि त्याचे सैन्यही या भूमीवर लढले नाही. तथापि त्याच्या नावाच्या धास्तीने इंग्रजांचे हिंदुस्थानातील धोरण १७९८ नंतर बदलले. त्या बदललेल्या धोरणाचा सर्वांत मोठा आघात मराठ्यांच्या स्वातंत्र्यावर झाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई (पालघर जिल्हा) येथे झालेला तह ही या घटनाक्रमातील निर्णायक घटना होय. यूरोपातील संघर्ष, इंग्रजांची साम्राज्यविस्ताराची आकांक्षा आणि मराठी सरदारांमधील यादवी या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या. म्हणून नेपोलियनच्या जीवनकार्याचा हा भाग महाराष्ट्राच्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो.

पूर्वायुष्य : नेपोलियनचा जन्म कॉर्सिका बेटातील आयाचो या गावी कार्लो बोनापार्ट व लेतित्सिया या दांपत्याच्या पोटी झाला. त्याच्या जन्मापूर्वी एकच वर्ष हे बेट फ्रान्सच्या ताब्यात गेले होते. ब्रिएन व पॅरिस येथील लष्करी विद्यालयांत शिक्षण घेऊन तो तोफखान्यात अधिकारी झाला. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे (१७८९) सैन्यातील वरच्या जागांवरची सरदार घराण्यांची मक्तेदारी मोडली आणि कर्तबगार तरुणांना वर चढण्याची संधी मिळाली. १७९३ मध्ये तूलाँ बंदराच्या वेढ्यात त्याने तोफांची जी मांडणी केली, तिच्यामुळे इंग्रजी आरमाराला ते बंदर सोडावे लागले. तो वयाच्या चोविसाव्या वर्षी ब्रिगेडियर जनरल झाला. १७९६-९७ च्या इटलीतील मोहिमेत त्याने ऑस्ट्रियाचा वारंवार पराभव केला आणि काँपॉ फॉर्म्यॉच्या तहाने (ऑक्टोबर १७९७) यूरोपात इंग्लंडखेरीज फ्रान्सचा मोठा शत्रू उरला नाही. इंग्लंडवर थेट स्वारी करण्याइतके फ्रेंच आरमार समर्थ नव्हते. त्यामुळे इंग्लंडच्या पूर्वेकडील व्यापारावर व सत्तेवर आघात करण्याची कल्पना पुढे आली.

ईजिप्तची मोहीम : मे १७९८ मध्ये नेपोलियन सु. ३५,००० सैन्य आणि दीडशेहून अधिक विद्वान बरोबर घेऊन तूलाँहून निघाला. वाटेत माल्टा घेऊन तो जुलैमध्ये अलेक्झांड्रियास उतरला व २१ जुलै रोजी पिरॅमिडच्या लढाईत त्याने मामलूकांचा पराभव केला. परंतु १ ऑगस्ट रोजी नेल्सनने अबुकीरच्या उपसागरात फ्रेंच आरमार गाठले. तेरा मोठ्या युद्धनौकांपैकी अकरा बुडाल्या, जळाल्या किंवा शत्रूच्या हाती पडल्या. फ्रेंच सैन्य ईजिप्तमध्ये अडकून पडले आणि समुद्रमार्गे हिंदुस्थान गाठण्याची शक्यता तेथेच मावळली. तरीही नेपोलियनने ती कल्पना लगेच सोडली नाही. डिसेंबर १७९८ मध्ये तो सुएझला गेला व तेथील प्राचीन कालव्याचे अवशेष त्याने पाहिले. जानेवारी १७९९ मध्ये त्याने टिपू सुलतानास पत्र लिहिले. आपण तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर येऊन पोहोचलो असून टिपूची इंग्रजांच्या जाचातून सुटका करू इच्छितो, टिपूने आपला विश्वासू माणूस सुएझ किंवा कैरो येथे पाठवावा, असा त्याचा आशय होता. हे पत्र वाटेतच इंग्रजांच्या हाती लागले. त्याच वर्षी ४ मे रोजी श्रीरंगपट्टणच्या तटावर टिपू लढता लढता मारला गेला. तिकडे नेपोलियनलाही सिरियातील एकर या ठाण्याचा वेढा उठवून मागे फिरावे लागले आणि ऑगस्टमध्ये त्याने ईजिप्त सोडले.

या मोहिमेचा शेवटही हिंदुस्थानशी निगडित आहे. १८०१ मध्ये ईजिप्तमधील उरलेल्या फ्रेंच सैन्याविरुद्ध इंग्रजांनी हिंदुस्थानातून फौज धाडली. तीत मुंबई इलाख्यातील देशी पायदळाच्या पलटणीही होत्या. तांबड्या समुद्रावरील कोसेर बंदरात उतरून सेनापती बेअर्ड याच्या नेतृत्वाखाली या फौजेने वाळवंट ओलांडले व नाईल नदी गाठली. या फौजेबरोबर जाण्यासाठी नेमलेला आर्थर वेलस्ली मुंबईत तापाने आजारी पडल्यामुळे मागे राहिला. हाच अधिकारी पुढे मराठ्यांविरुद्ध दख्खनमध्ये आणि नेपोलियनविरुद्ध यूरोपात लढला.

फ्रेंच भीती व इंग्रजांचे धोरण : आर्थरचा वडील बंधू रिचर्ड वेलस्ली मे १७९८ मध्ये गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्यास दाखल झाला. त्या सुमारास मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नराने टिपूसाठी स्वयंसेवक हवे असल्याचा जाहीरनामा काढला होता. प्रत्यक्षात शंभरही माणसे आली नाहीत. परंतु वेलस्लीला हवे ते कारण मिळाले. देशी संस्थानिकांच्या पदरी असलेले फ्रेंच अधिकारी दूर करणे, त्यांच्या जागी कंपनीची तैनाती फौज ठेवणे आणि तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून घेणे, असे त्याच्या धोरणाचे तीन भाग होते. सप्टेंबर १७९८ मध्ये निजामाने असा करार केला आणि पुढच्याच महिन्यात हैदराबादची फ्रेंच अधिकाऱ्यांखालील फौज शस्त्रे टाकावयास लावून मोडण्यात आली. म्हैसूरच्या युद्धानंतर मराठी राज्य हेच या धोरणाचे उरलेले मोठे लक्ष्य होते. पेशव्यास म्हैसूरच्या मुलखाचा वाटा सशर्त देऊ करण्यात आला. पण त्यातील अटी जाणून पुणे दरबाराने तो नाकारला.

पुणे दरबार फ्रेंचांना अपरिचित नव्हता. १७७७ मध्ये सँ ल्यूबँ नावाचा फ्रेंच वकील पुण्यास आला होता व नाना फडणीसाने त्याचे स्वागत केले होते. त्यातून भरीव असे काही निघाले नाही. मात्र इंग्रजांवर दबाव आणण्यास फ्रेंचांचे नाव पुरेसे आहे, हे नानाने ओळखले होते. एका यूरोपीय सत्तेचा धाक दुसरीस दाखवून आपले स्वातंत्र्य राखण्याचे हे राजकारण मुत्सद्दी हयात असेपर्यंत चालले. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी आणि नाना फडणीस १३ मार्च १८०० रोजी मरण पावला. त्यानंतर पुण्यात दुसरा बाजीराव व दौलतराव शिंदे यांना आवरणारे कोणी उरले नाही.

शिंद्यांचे कवायती कंपू : इंग्रजांच्या भीतीला एक खरा आधार होता. तो म्हणजे उत्तर हिंदुस्थानातील शिंद्यांची कवायती फौज. महादजीने १७८४ मध्ये सॅव्हॉयमधील शांबेरीचा रहिवासी बन्वा द बॉइन यास चाकरीत घेतले. सुरुवातीच्या दोन पलटणींतून वाढत जाऊन या फौजेचे मोठाले कंपू बनले. पाटण व मेडता (१७९०) येथे राजपुतांवर आणि लाखेरी (१७९३) येथे होळकरांच्या सैन्यावर तिने विजय मिळविले. तिच्या खर्चासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातील समृद्ध परगणे जायदाद म्हणून लावून दिलेले असल्याने शिपायांचा पगार वेळेवर मिळे. द बॉइन १७९५ च्या अखेरीस चाकरी सोडून गेला व त्याची जागा पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याने घेतली. अलीगढ हे पेराँचे मुख्य ठाणे होते आणि दिल्लीचा बादशहा शाह आलम याच्यावरही त्याचे नियंत्रण होते. यमुनेच्या काठी फ्रेंचांचे एक राज्यच उभे राहिले आहे आणि नेपोलियनचे सैन्य आले तर ते त्यास मिळेल, असे चित्र वेलस्लीने इंग्लंडमधील वरिष्ठांपुढे उभे केले. वास्तविक पेराँ फ्रान्सचा प्रतिनिधी नव्हता. तो शिंद्यांचा चाकर होता, आणि आपली मिळकत सुखरूप घेऊन मायदेशी जाणे ही त्याची मुख्य चिंता होती.

या फौजेची नेपोलियनच्या सैन्याशी तुलना उद्‌बोधक आहे. दोन्ही सैन्ये तोफखाना व शिस्तबद्ध पायदळ यांवर उभी होती. दोहोंतील अंतर संघटनेत होते. फ्रान्सचे सैन्य क्रांतीने जागृत झालेल्या राष्ट्रातून उभे राहिले होते. त्याचे अधिकारी त्याच समाजातून आले होते आणि गुणांवर वर चढत होते. शिंद्यांच्या कंपूंत शिपाई व गोलंदाज हिंदुस्थानी, तर वरचे अधिकारी बहुतांशी परके व पगारी होते. कवायत मराठ्यांनी घेतली, ओतशाळा उभारल्या, तोफाही उत्तम ओतल्या. परंतु ते सैन्य चालविणारा अधिकारी वर्ग आपल्या समाजातून तयार केला नाही. या उणिवेची किंमत १८०३ मध्ये मोजावी लागली.

वसईचा तह : एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरास पुण्यात क्रूरपणे ठार मारविले. त्याचा भाऊ यशवंतराव याने पेशव्यावर चाल केली आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून सिंहगड, रायगड, महाड या मार्गाने कोकणात उतरला व समुद्रमार्गे डिसेंबरच्या मध्यास वसईस पोहोचला. यशवंतरावाने अमृतरावाच्या साहाय्याने पुण्यात नवी व्यवस्था लावण्याचा प्रयत्न केला आणि बाजीरावास परत येण्याविषयी कळविले. पण त्याच्यावर विश्वास ठेवण्याची बाजीरावाची तयारी नव्हती.

वसईचा निवारा स्वीकारण्यात एक ऐतिहासिक विसंगती होती. वसईचा किल्ला आणि त्याच्या उत्तरेस काही किलोमीटरांवर असलेले सोपारे (आताचे नालासोपारा) यांसह हा सर्व प्रांत सु. दोनशे वर्षे पोर्तुगीज अमलाखाली होता. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने मोठी किंमत देऊन वसई जिंकली. एका यूरोपीय सत्तेवर मराठ्यांनी मिळविलेला तो सर्वांत मोठा विजय होता. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. परंतु सालबाईच्या तहान्वये (१७८२) तो मराठ्यांना परत मिळाला, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. चिमाजी आप्पाच्या विजयास पुरती चौसष्ट वर्षेही झाली नव्हती, आणि त्याच गावी त्याच्या भावाच्या नातवाने राज्याचे स्वातंत्र्य लेखी करून दिले.

पुण्याचा रेसिडेंट बॅरी क्लोज याच्याशी झालेल्या या तहाच्या मुख्य अटी पुढीलप्रमाणे होत्या : पेशव्याच्या मुलखात कंपनीच्या पायदळाच्या किमान सहा पलटणी तोफखान्यासह कायम राहाव्यात, त्यांच्या खर्चासाठी पेशव्याने २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा, इंग्रजांशी शत्रुत्व असलेल्या कोणत्याही यूरोपीय राष्ट्राचा माणूस पदरी ठेवू नये, सुरतेवरील हक्क सोडावेत, निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत कंपनीचा निवाडा मानावा, आणि कंपनीच्या सल्ल्यावाचून दुसऱ्या सत्तेशी युद्ध किंवा बोलणे करू नये. यूरोपीयांसंबंधीचे कलम फ्रेंचांनाच उद्देशून होते. विशेष असे की तह झाला त्या वेळी इंग्लंड व फ्रान्स यांमध्ये युद्ध नव्हते. मार्च १८०२ च्या आम्येंच्या तहाने दोन्ही राष्ट्रांत शांतता झाली होती. म्हणजे जे संकट दाखवून हा तह करण्यात आला, ते त्या क्षणी अस्तित्वात नव्हते. ते पुन्हा उद्‌भवेल, हा केवळ तर्क होता. पुढे कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या नियामक मंडळाचा अध्यक्ष लॉर्ड कॅसलरे यानेही या तहाच्या उपयुक्ततेविषयी शंका उपस्थित केल्या.

दकांची मोहीम : तो तर्क अगदीच निराधार नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. नोव्हेंबर १७९९ मध्ये सत्ता हस्तगत करून नेपोलियन फ्रान्सचा पहिला कॉन्सल झाला होता. १८०१ मध्ये रशियाचा झार पॉल याने मध्य आशियाच्या वाटेने हिंदुस्थानवर जाण्यासाठी कझाक घोडदळ रवाना केले होते. मार्चमध्ये त्याचा खून झाल्यामुळे ते अर्ध्या वाटेवरून परतले. आम्येंच्या तहान्वये पाँडिचेरी (आताचे पुदुच्चेरी) फ्रान्सला परत मिळावयाची होती. जानेवारी १८०३ मध्ये, वसईच्या तहानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, नेपोलियनने सेनापती दकां यास हिंदुस्थानातील वसाहतींचा अधिकारी नेमून सूचना दिल्या. इंग्रजांचे जोखड ज्यांना सर्वांत असह्य झाले आहे, अशा राजांशी त्याने संधान बांधावे, पण इंग्रजांना संशय येऊ देऊ नये, असा त्यांचा रोख होता. तथापि दकांजवळ सैन्य मोजकेच होते. मे १८०३ मध्ये यूरोपात युद्ध पुन्हा सुरू झाले. जुलैमध्ये दकां पाँडिचेरीस पोहोचला, तेव्हा इंग्रजांनी ती त्याच्या स्वाधीन केली नाही. तो मॉरिशसला निघून गेला. तोपर्यंत आर्थर वेलस्लीने पुण्यास येऊन १३ मे रोजी बाजीरावास पुन्हा गादीवर बसविले होते. नेपोलियनचा माणूस आला तेव्हा ज्यांच्याशी संधान बांधावयाचे, त्यांतील मुख्य सत्ता आधीच बांधली गेली होती.

दुसरे इंग्रज-मराठे युद्ध : शिंदे व नागपूरकर भोसले यांनी वसईचा तह मान्य केला नाही, होळकर मात्र त्यांना मिळाला नाही. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्धास तोंड लागले. वेलस्लीने अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबर रोजी सध्याच्या जालना जिल्ह्यात केळणा व जुई या नद्यांच्या दुआबातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी त्याची गाठ पडली. मराठ्यांच्या कवायती पायदळाचे नेतृत्व हॅनोव्हरचा पोलमान करीत होता; त्यांच्याजवळ सु. १०० तोफा होत्या. वेलस्लीचे मुख्य सैन्य सु. ४,५०० होते. पोलमानच्या पायदळाने ऐन वेळी आपली फळी फिरवून वेलस्लीच्या बगलेवरील हल्ल्यास तोंड दिले, आणि मराठ्यांचे गोलंदाज तोफांजवळ उभे राहून लढले. वेलस्लीचे दीड हजारांवर लोक ठार वा जखमी झाले. अखेर तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. ज्या लढाईत शिपायांनी शर्थ केली, तीत दौलतराव शिंदे व रघूजी भोसले या दोघांनीही आधीच रणांगण सोडले होते. पुढील आयुष्यात अनेक विजय मिळवूनही वेलस्ली असईलाच आपली सर्वोत्तम लढाई मानीत असे.

उत्तरेत सेनापती लेक याने ४ सप्टेंबर रोजी अलीगढ व नंतर दिल्ली घेतली. शिंद्यांच्या पदरी असलेल्या इंग्रज व अन्य यूरोपीय अधिकाऱ्यांनी चाकरी सोडल्यास त्यांना आश्रय व वेतन देण्याचे कंपनीने जाहीर केले होते. त्यानुसार अनेकजण निघून गेले. खुद्द पेराँ लेकच्या आश्रयास गेला. ज्याला वेलस्ली फ्रेंच साम्राज्याचा आधारस्तंभ म्हणत होता, तो पहिल्याच आघाताला बाजूला झाला. अधिकारी गेले तरी हिंदुस्थानी शिपाई १ नोव्हेंबर रोजी लासवारी येथे अखेरपर्यंत झुंजले. नोव्हेंबरअखेर अडगाव आणि डिसेंबरच्या मध्यास गाविलगड पडल्यावर भोसल्याने देवगावचा (१७ डिसेंबर) आणि शिंद्याने सुर्जी-अंजनगावचा (३० डिसेंबर) तह केला. यशवंतराव होळकर एकटा पुढे दोन वर्षे लढत राहिला. अल्प साधनांनिशी त्वरित हालचाली करणाऱ्या या सेनानीस काही मराठी लेखकांनी हिंदुस्थानचा नेपोलियन म्हटले आहे. व्हिन्सेंट स्मिथ या इतिहासकाराने ही उपमा पूर्वी समुद्रगुप्तास दिली होती. यशवंतरावाने भानपुरा येथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला आणि तेथेच १८११ मध्ये तो मरण पावला.

साम्राज्याचा उत्कर्ष व ऱ्हास : २ डिसेंबर १८०४ रोजी पॅरिसमध्ये नेपोलियनचा सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला. ट्रफॅल्गरच्या आरमारी पराभवाने (२१ ऑक्टोबर १८०५) समुद्र त्याला कायमचा बंद झाला. जमिनीवर मात्र औस्टरलिट्स (१८०५), येना (१८०६) व फ्रीडलांट (१८०७) येथील विजयांनी मध्य यूरोप त्याच्या अधीन झाला. मे १८०७ मध्ये त्याने इराणशी तह करून तेथे लष्करी शिष्टमंडळ पाठविले. खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थान गाठण्याची ती योजना होती. तिला शह देण्यासाठी इंग्रजांनी मॅल्कमला इराणकडे, एल्फिन्स्टनला काबूलच्या शहाकडे आणि मेटकाफला रणजितसिंगाकडे वकील म्हणून पाठविले. यांपैकी एल्फिन्स्टन व मॅल्कम यांनी पुढे मराठी राज्य खालसा करण्यात प्रमुख भाग घेतला आणि दोघेही मुंबईचे गव्हर्नर झाले.

इंग्लंडचा व्यापार कोंडण्यासाठी नेपोलियनने यूरोपची बंदरे इंग्रजी मालाला बंद केली. ही नाकेबंदी सर्वत्र अमलात आणण्याच्या हट्टातून पोर्तुगाल व स्पेनमधील युद्ध (१८०७ पासून) आणि रशियाची स्वारी (१८१२) उद्‌भवली. रशियात सहा लाखांवर सैन्य नेऊन त्यातील थोडेच लोक परत आले. लाइपसिकच्या पराभवानंतर (ऑक्टोबर १८१३) एप्रिल १८१४ मध्ये त्याने राज्यत्याग केला. एल्बा बेटातून निसटून त्याने पुन्हा सत्ता घेतली. परंतु १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे वेलिंग्टन व प्रशियाचा ब्ल्यूखर यांनी त्याचा पूर्ण पराभव केला. वेलिंग्टन म्हणजे असईचा आर्थर वेलस्ली. नेपोलियन त्याला हिंदी शिपायांचा सेनापती म्हणून हिणवीत असे, अशी आख्यायिका आहे. सेंट हेलीना बेटावर बंदिवासात असताना ५ मे १८२१ रोजी नेपोलियन मरण पावला. १८४० मध्ये त्याचे अवशेष पॅरिसला आणण्यात आले.

कोकण किनाऱ्यावरील परिणाम : नेपोलियनकालीन युद्धांचा ठसा पश्चिम किनाऱ्यावर अन्य रीतींनीही उमटला. फ्रेंचांनी गोवा घेऊ नये या सबबीवर १७९९ पासून इंग्रजी फौज गोव्यातील किल्ल्यांत ठाण मांडून होती. ही युद्धे संपत आल्यावरच ती हलली. इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई भासू लागल्याने मुंबईच्या गोदीत सागवानी युद्धनौका बांधण्यात येऊ लागल्या. जमशेटजी बमनजी वाडिया याच्या देखरेखीखाली बांधलेली ७४ तोफांची ‘मिंडेन’ ही नौका १८१० मध्ये पाण्यात उतरली. त्याच वर्षी हिंदुस्थानातून गेलेल्या फौजांनी मॉरिशस जिंकले आणि दकांला शरण यावे लागले. हिंदी महासागरातील फ्रेंचांचे अखेरचे मोठे ठाणे त्याबरोबर संपले.

वॉटर्लूनंतर यूरोपातील काळजी मिटल्याने इंग्रजांस मराठ्यांकडे पूर्ण लक्ष देता आले. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईने सुरू झालेले युद्ध जून १८१८ मध्ये बाजीरावाच्या शरणागतीने संपले. सालीना आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन घेऊन तो गंगाकाठी बिठूर येथे राहिला व १८५१ मध्ये वारला. नेपोलियनच्या सैन्यातील आलार व व्हेंतुरा हे अधिकारी १८२२ मध्ये लाहोरला आले, तेव्हा कवायती फौज उभारू इच्छिणारा एकच मोठा स्वतंत्र राजा हिंदुस्थानात उरला होता. तो म्हणजे रणजितसिंग.

वारसा : नेपोलियनच्या लढायांहून त्याची राज्यव्यवस्था अधिक टिकली. बँक ऑफ फ्रान्स (१८००), मध्यवर्ती शासनाने नेमलेले जिल्हाधिकारी, माध्यमिक विद्यालयांची नवी रचना आणि १८०४ ची २,२८१ कलमांची नागरी संहिता ही त्याची कायमची कामगिरी होय. या संहितेने कायद्यापुढील समता, मालमत्तेचा हक्क व नागरी विवाह यांस निश्चित रूप दिले. मात्र पत्नीस पतीच्या अधीन ठेवण्याचे तत्त्वही तिनेच दृढ केले. वृत्तपत्रांवर त्याने कडक बंधने घातली, आणि १८०२ मध्ये फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी पुन्हा चालू केली. क्रांतीचा वारस म्हणून तो वावरला आणि तिच्या स्वातंत्र्याचा त्यानेच संकोच केला.

या संहितेचा प्रभाव पडलेली पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. विवाहोत्तर मालमत्तेत पतिपत्नींचा समाईक हक्क आणि अपत्यांना लिंगभेदाविना वारसा यांसारखी तिची तत्त्वे १९६१ नंतरही गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात टिकून राहिली. वारसाविषयक भाग २०१२ च्या राज्य अधिनियमाने नव्याने संहिताबद्ध झाला. ज्या किनाऱ्यावर नेपोलियनच्या नावाने इंग्रजांनी पहारे बसविले, त्या किनाऱ्यावर त्याच्या कायद्याची छाया अशा रीतीने आडवाटेने पोहोचली. मराठी वाचकांनाही या पुरुषाचे आकर्षण वाटत आले आहे. ठाण्याचे व्यासंगी लेखक व महाराष्ट्र सारस्वतकार वि. ल. भावे यांनी चक्रवर्ती नेपोलियन हे त्याचे चरित्र लिहिले.

मूल्यमापन : नेपोलियनमुळे मराठी राज्य बुडाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सरदारांतील वैर, पेशव्याचा दुबळेपणा, पैशाची सततची चणचण आणि इंग्रजांची संघटित सत्ता ही त्याची मूळ कारणे होत. तथापि फ्रेंच भीतीने या कारणांस गती दिली. फ्रेंचांच्या ज्या मदतीमुळे इंग्रज सावध झाले, ती मदत मराठ्यांना कधीच मिळाली नाही. तिच्या नावाखाली घातलेली बंधने मात्र त्यांना सोसावी लागली. समुद्रावर ज्याची हुकमत नाही, अशा मित्राच्या भरवशावर किनाऱ्यावरील राज्य राखता येत नाही, हा यातील पहिला बोध. दुसरा बोध असा की परक्यांकडून शस्त्र व कवायत घेता येते. परंतु ते चालविणारी माणसे आणि त्यांना एकत्र बांधणारी निष्ठा स्वतःच्या समाजातच निर्माण करावी लागते. वसईच्या किल्ल्याचे तट आजही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली उभे आहेत. चिमाजी आप्पाचा विजय आणि बाजीरावाचा तह या दोन्हींचे स्मरण ते करून देतात.